पॅसेजची रुंदी

"माझ्याच ऑफिसात जायला मी तिकीट काढू?"

सासूबाईंनी हे इतक्या मोठ्यांदा विचारलं की रांगेतली माणसं माना वाकड्या करून बघायला लागली. खिडकीतला माणूस नवा होता, गोंधळला.

"आजी, हे ऑफिस नाही, संग्रहालय आहे."

"ते आत्ता झालं. आधी ऑफिसच होतं. तुम्ही बसलात ना, तिथे आमचा शिपाई बसायचा. अस्सा पेंगायचा!"

तो माणूस नकळत ताठ बसला. मी घाईघाईने पुढे होऊन तिघींची तिकिटं काढली आणि सासूबाईंना दंडाला धरून आत वळवलं. मागून आत्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, सासूबाईंची थोरली नणंद, आपली काठी टेकत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं जे गेली कित्येक वर्षं मी बघत आले आहे. आज हिची फजिती होणार आणि ती बघायला आपण पुढच्या रांगेत असणार, असं ते हसू.

सासूबाई आमच्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या वास्तुकाराकडे टायपिस्ट होत्या. मोठं वाचनालय, जुनं इस्पितळ, मी शिकले ती शाळा, सगळं त्या साहेबांनी बांधलेलं. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या ऑफिसचं आता संग्रहालय झालं आहे, ही बातमी पेपरात आली त्या दिवसापासून सासूबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी डोळे चोळत उठले, तर त्या पर्स काखेला अडकवून सोफ्यावर बसलेल्या. "तुझं आवरलं की निघू," म्हणाल्या. मी अजून दातसुद्धा घासले नव्हते.

आता आत्यांच्या हसण्याचं कारण सांगते. सासूबाईंचं लग्न झाल्यापासून एक म्हणणं होतं, की साहेबांच्या इमारती त्यांच्या मापाने बांधल्या आहेत. त्यांच्या म्हणजे सासूबाईंच्या. साहेबांचा म्हणे मापांच्या पुस्तकांवर विश्वास नव्हता. पुस्तकातला माणूस कधी दमत नाही, असं ते म्हणायचे. खिडकीची कडी किती उंचीवर हवी, बाकावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, हे ठरवायला ते ऑफिसातल्या कोणाला तरी मागच्या खोलीत बोलवायचे, भिंतीला टेकवून उभं करायचे आणि पेन्सिलने भोवती रेघ मारायचे. बहुतेक वेळा हाक सासूबाईंना यायची, कारण सगळ्यांत बुटक्या त्याच. हिचा हात पोचला की सगळ्यांचा पोचतो, असा हिशेब.

घरात हे कोणी खरं मानलं नाही. सासरे गालातल्या गालात हसायचे. माझा नवरा "हो हो आई" म्हणून चॅनल बदलायचा. आणि आत्या तर म्हणायच्या, "तुझ्या मापाच्या इमारती? अगं, तुझ्या मापाची चप्पल तरी मिळते का दुकानात? लहान मुलांच्या कपाटातून घेतेस!"

यावर सासूबाई कधी चिडल्या नाहीत. "मागच्या खोलीत भिंतीवर आहे मी," एवढंच म्हणायच्या. "एकदा समोरून, एकदा कडेने."

आज गाडीतही त्यांचं तेच चाललं होतं. "भिंत ठेवली असेल ना गं? रंग फासला नसेल ना?"

"आई, संग्रहालय आहे. जपूनच ठेवणार ना सगळं."

"रंगाऱ्यांना कुठे कळतं? त्यांना पेन्सिलची रेघ म्हणजे डाग."

"फोटो काढून ठेवला असेल कोणीतरी."

"त्या भिंतीचा फोटो कोणी काढला नाही," त्या म्हणाल्या आणि सिग्नल लाल असताना मला म्हणाल्या, "चल ना."

पहिल्या दालनात काचेच्या पेटीत साहेबांचा चष्मा, साहेबांच्या झिजलेल्या पेन्सिली, साहेबांची टोपी. लोक हळू आवाजात बोलत होते. आणि तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "माझं मशीन!"

खरंच, कोपऱ्यातल्या पेटीत काळा टाइपरायटर होता. खाली पाटी: 'वास्तुकारांचा टाइपरायटर.' सासूबाईंना हसू आवरेना. "साहेबांचा? अगं, त्यांना एका बोटानेही टाइप करता येत नव्हतं! एकदा मी रजेवर होते, तर स्वतःचंच नाव चुकीचं टाइप करून पत्र पाठवलं होतं त्यांनी." त्यांनी काचेला नाक लावलं. "मधली कळ अडकायची ह्याची. मी केसातली पिन घालून सोडवायचे. बघ, ओरखडे आहेत अजून."

ओरखडे होते. मला एकदम मजा वाटायला लागली. इतका वेळ मी सासूबाईंना फिरवायला आणलं होतं, आता मी स्वतःच फिरायला लागले.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आमच्याकडे आली. संग्रहालयाची गाईड. मला वाटलं, आता आवाज हळू करा म्हणून सांगणार. पण तिचे डोळे चमकत होते. "आजी, तुम्ही इथे काम केलंय? खरंच? इतके दिवस मी जुन्या स्टाफपैकी कोणीतरी यावं म्हणून वाट बघतेय. मी तुमच्याबरोबर फिरले तर चालेल?"

"चालेल की," सासूबाई म्हणाल्या. "मागची खोली आहे ना?"

"आहे, पण अजून उघडली नाही. काम चाललंय."

सासूबाईंचा चेहरा जरा उतरला. "कसलं काम?"

"किरकोळ. तुम्ही आधी फोटो बघा ना."

दुसऱ्या दालनात भिंतभर फोटो होते. इमारती नव्या कोऱ्या असतानाचे, काळेपांढरे. सासूबाई एकेका फोटोपुढे जाऊन बोट दाखवत सुटल्या. "ही मी. इस्पितळाच्या पायरीवर. ही पण मी." प्रत्येक फोटोत दाराशी किंवा खांबाशी एक बारकीशी पाठमोरी बाई उभी होती. दार किती उंच आहे ते फोटो बघणाऱ्याला कळावं म्हणून उभी केलेली.

आत्या प्रत्येक फोटोपुढे चष्मा वरखाली करत होत्या. "पाठमोरी बाई आहे. कोणीही असेल. मीसुद्धा असेन."

"वन्सं, तुम्ही मावला नसता फोटोत."

मी हसू दाबायला गाईडकडे बघितलं, तर ती आधीच हसत होती. आत्या काही बोलणार, एवढ्यात वाचनालयाच्या फोटोपाशी त्या थबकल्या. पुढे वाकल्या. मग काठी माझ्या हातात देऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आणखी वाकल्या.

"ह्या माझ्या चपला!"

फोटोत ती बाई दाराशी अनवाणी उभी होती, आणि खाली कोपऱ्यात, पहिल्या पायरीवर, चपलांचा एक जोड काढून ठेवलेला होता. मोठ्या बक्कलाच्या, चांगल्या ऐसपैस चपला.

"साहेब चपला काढायला लावायचे," सासूबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या. "मापात खोट नको म्हणून."

"ते सोड. ह्या माझ्या आहेत! माझ्या बक्कलाच्या! दोनदासुद्धा घातल्या नव्हत्या मी!"

"फोटो काढणार होते, वन्सं, आणि माझ्या अगदीच फाटल्या होत्या. तुमच्या पायात घालून गेले. पायात राहतच नव्हत्या. मग साहेब एकदम म्हणाले, उजेड जातोय, चला इस्पितळाकडे. सगळे गाडीत बसले, मीही बसले. पुढच्या ठिकाणी उतरले तेव्हा लक्षात आलं."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"नवीन सून होते. तुमची भीती वाटायची."

"मी त्या शेजारच्या कुत्र्याला वर्षभर शिव्या घातल्या!" आत्यांचा आवाज दालनभर घुमला. "दिसला की काठी उगारायचे! बिचारा आमच्या फाटकावरून जायचा बंद झाला!"

आणि मग आत्याच हसायला लागल्या. त्या हसल्या की त्यांना धाप लागते, सासूबाई हसल्या की त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. दोघी एकमेकींना धरून, एक धापा टाकत आणि एक डोळे पुसत, साहेबांच्या सगळ्यात गाजलेल्या इमारतीपुढे उभ्या होत्या. गाईड मुलीने न विचारता त्यांचा फोटो काढला. त्यानंतर आत्यांचा पक्ष पार बदलला. दालनात जो कोणी येईल त्याला त्या बोलावून सांगायला लागल्या, "ही पाठमोरी आहे ना, ही माझी भावजय. आणि ह्या चपला माझ्या." इतकी वर्षं न मानलेली गोष्ट एका क्षणात त्यांच्या मालकीची झाली होती.

तिथून आम्ही मागच्या पॅसेजमध्ये आलो. साहेबांचे पॅसेज म्हणजे आमच्या शहरातली एक ओळखीची गोष्ट. रुंदच्या रुंद. माझ्या शाळेत तर आम्ही मधल्या सुट्टीत त्यात पकडापकडी खेळायचो. जागा वाया घालवली म्हणून बांधकामवाले साहेबांच्या नावाने बोटं मोडायचे, असं आमचे मुख्याध्यापक सांगायचे.

"हा पॅसेज सुरुवातीला अरुंद होता," गाईड म्हणाली. "त्यांनी नंतर भिंत पाडून मोठा केला. आणि त्यापुढच्या प्रत्येक इमारतीत हीच रुंदी ठेवली. का, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही."

"मी अडकले म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी कागद घेऊन इकडून येत होते आणि आमचा ड्राफ्ट्समन नकाशांची मोठी भेंडोळी घेऊन तिकडून. तोही चांगला जाडजूड. दोघंही मध्येच अडकलो. ना त्याला मागे जाता येईना, ना मला. मी तेव्हा दोन जिवांची होते. सातवा सरत आलेला. नकाशांना धक्का लागायला नको, मला धक्का लागायला नको, तो बिचारा घामाघूम झाला. साहेब दारातून बघत होते. मला मागच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, आज कडेने उभ्या राहा."

मी टाळीच वाजवली. "आई! हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही! म्हणजे आमचे हे भिंतीवर आहेत? अख्ख्या शहरातले पॅसेज ह्यांच्यामुळे रुंद झाले?"

माझ्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला. घरी जाऊन त्याला कसं चिडवायचं, ते मी तिथेच ठरवायला लागले. आत्याही हसतील म्हणून त्यांच्याकडे बघितलं, तर त्या हसत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडून काठी परत घेतली आणि जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. आणि सासूबाई उत्तर द्यायला थांबल्याच नव्हत्या. त्या पुढे जाऊन वास घेत होत्या.

"रंगाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

खरंच येत होता. ताज्या रंगाचा, नाकात बसणारा. पॅसेजच्या टोकाला दार अर्धवट उघडं होतं आणि खाली वर्तमानपत्रं पसरलेली. सासूबाईंनी मागे वळून कोणाकडे पाहिलं नाही. इतका वेळ पाय दुखतात म्हणून दर बाकावर टेकणारी बाई ताडताड चालत निघाली. गाईड "आजी, तिकडे अजून परवानगी नाही" म्हणेपर्यंत त्या आत पोचल्या होत्या. आम्ही मागोमाग धावलो. आत्यासुद्धा.

खोलीत स्टुलावर चढून एक रंगारी काम करत होता. ब्रश पांढऱ्या रंगात निथळत होता. डावीकडची भिंत पांढरीशुभ्र. समोरची पांढरीशुभ्र. सासूबाई मधोमध उभ्या राहून गर्रकन वळल्या.

"इथली भिंत कुठेय?" त्यांनी विचारलं. भिंत काय जागची हलते? पण त्यांनी तसंच विचारलं आणि कोणालाही हसू आलं नाही.

रंगाऱ्याने ब्रशने उजवीकडे दाखवलं. तिथे वरपासून खालपर्यंत जाड प्लॅस्टिक लावलेलं होतं, कडेने चिकटपट्टी. "तिला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "रंगाचा शिंतोडाही नको म्हणालेत. म्हणून झाकलीय, मावशी."

सासूबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं.

गाईडने दाराकडे एकदा बघितलं, मग स्वतःच चिकटपट्टी सोडवायला लागली. मी दुसऱ्या बाजूने धरलं. प्लॅस्टिक खाली आलं आणि भिंतीवर माणसं दिसायला लागली. एक उंच, हात वर केलेला. एक बसलेला. आणि मधे एक बुटकी बाई, समोरून, हात किंचित पसरलेले, नुसती रेघ. चेहरा नाही, काही नाही. पण ती कोण ते मला शंभर माणसांत कळलं असतं. डावा खांदा जरा खाली. पर्स अडकवतात तो.

"आई! तुम्ही! आत्या, बघा, ह्याच आहेत!" मी नाचायचीच बाकी होते.

"ही झाली समोरची," सासूबाई म्हणाल्या. "कडेची दाखवा."

प्लॅस्टिकचं टोक कोपऱ्यात अजून चिकटलेलं होतं. गाईडने ते ओढलं. तीच बाई, आता कडेने. पाठ, मान, आणि पुढे पोटाची मोठी गोल रेघ. त्या रेघेत बेंबीच्या जरा वर एके ठिकाणी पेन्सिल उडाल्यासारखा बारीकसा उंचवटा होता.

मी फोन काढला. "थांबा, ह्यांना पाठवते फोटो. म्हणावं, जन्माच्या आधीच संग्रहालयात गेलात!"

आत्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याला नको पाठवू," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तो नाही हा. त्याच्या वेळी डॉक्टरांनी हिला अंथरुणातून उठू दिलं नव्हतं, ऑफिसात कुठली येतेय. ही पहिली. मुलगी होती. मी होते दवाखान्यात. एक दिवस जगली."

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला किती तरी वर्षं झाली. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा मला पाठ आहेत, त्यांना कुठल्या उशीवर झोप लागते ते माहीत आहे. हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सासूबाई मात्र रडत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघून हसत होत्या, आपलं माणूस स्टेशनवर उतरताना दिसावं तसं.

"दवाखान्यातून रिकाम्या हाताने आले," त्या म्हणाल्या. "तिचा कपडा नाही, फोटो नाही. नाव ठेवायचं राहिलं. घरात कोणी विषय काढायचं नाही, मला त्रास होईल म्हणून. चांगल्यासाठीच. पण मग ती होती, हे मी कोणाला विचारायचं? नोकरीवर परत आले तेव्हा रोज जेवणाच्या सुट्टीत इथे येऊन डबा खायचे."

त्या पुढे झाल्या. चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि भिंतीला कडेने उभ्या राहिल्या, पाठ पाठीच्या रेघेला लावून. डोकं पूर्वीच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. चांगल्या चार बोटं खाली आल्या होत्या. आणि पुढे, त्यांच्या सपाट पोटापासून त्या गोल रेघेपर्यंत, नुसती भिंत होती. त्यांनी हात पुढे करून त्या उंचवट्याच्या अगदी जवळ नेला. भिंतीला लावला नाही.

"साहेब रेघ मारत होते ना, तेव्हा तिने लाथ मारली. साहेब म्हणाले, हलू नका. मी म्हटलं, मी नाही हलले साहेब." त्या पुन्हा हसल्या. "त्यांनी ते खोडून नीट केलं नाही. असू दे म्हणाले."

रंगारी कधी तरी स्टुलावरून खाली उतरला होता. त्याने ब्रश डब्यात बुडवून ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. गाईड मुलीने डोळे पुसले, घसा साफ केला.

"आजी, इथे पाटी लावायचीय. आम्ही नुसतं 'मानवी आकृती' लिहिणार होतो. काय लिहू?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. चपला पायात सरकवल्या.

"टायपिस्ट आणि तिची मुलगी," त्या म्हणाल्या. "नीट टाइप करून लावा म्हणजे झालं."

"आणि चपलांच्या फोटोखाली माझं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून जागेवर आला नव्हता, पण म्हणाल्या. "नणंदेच्या चपला, असं स्पष्ट."

"बरं वन्सं. आता तरी माफ केलंत ना?"

"त्या कुत्र्याला विचार."

प्लॅस्टिक आम्ही चौघींनी मिळून पुन्हा लावलं, रंगाऱ्याने चिकटपट्ट्या दाबल्या. सासूबाईंनी त्याला दोनदा बजावलं की ब्रश झटकताना तोंड तिकडे करायचं. मग आम्ही निघालो. मी मधे, एका हाताला सासूबाई, दुसऱ्या हाताला काठीसकट आत्या. समोरून शाळेच्या मुलांची सहल गडबड करत आली आणि बाजूने निघूनही गेली. आम्हाला हात सोडावे लागले नाहीत, की अंग चोरावं लागलं नाही. आमच्याबरोबर अजून एक जण सहज मावली असती.